रेंडरच्या मध्येच पडदा काळा: घरच्या संगणकाच्या प्रकल्प नोंदी

११ मे २०२४, शनिवार

आजपासून तारीखवार लिहून ठेवते आहे. रेंडर (संकलित चित्रीकरणाची अंतिम फाइल तयार होणं) चालू असताना घरचा संगणक मध्येच पडदा काळा करतो. कधी दोन-तीन सेकंदांत चित्र परत येतं, पण तोवर संकलनाचं सॉफ्टवेअर बंद झालेलं असतं. कधी अख्खं मशीनच नव्यानं सुरू होतं.

दादा झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचं चित्रीकरण करतो, संकलन माझ्याकडे. ही नाटकं रात्री दहाच्या सुमारास सुरू होतात ती उजाडेपर्यंत चालतात, त्यामुळे एकेक रेंडर तासन्‌तास चालतं. शेवटच्या अंकाला पडदा गेला की सगळं पहिल्यापासून. दिवाळी ते होळी या हंगामातलं बरंच काम अजून पडून आहे आणि मंडळं विचारताहेत. एखाद्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, झालेला प्रयोग पुन्हा तसाच होत नाही. कलाकारांकडे आणि गावाकडे त्याची उरते ती एवढी फाइल. म्हणून ती अर्धवट पडलेली बघणं मला जड जातं.

मशीन चार वर्षांपूर्वी असेंबल केलेलं. सहा कोअरचा प्रोसेसर, त्यातच साधं ग्राफिक्स, ३२ जीबी रॅम, ८ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), ६०० व्हीएचा यूपीएस, विंडोज ११. कॅबिनेट टेबलाखाली, आणि त्याच बाजूच्या खिडकीत कूलर.

दुकानात विचारलं तर आधी सांगितलं ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा, आणि नंतर सांगितलं कार्ड गेलं, नवं घ्या. यातलं काहीही मान्य करण्याआधी ‘ड्रायव्हर क्रॅश’ म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घेतलं. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे: कार्डाला दिलेलं काम २ सेकंदांत हललं नाही, तर विंडोज कार्ड अडकलं असं धरते आणि ड्रायव्हरसकट कार्ड रीसेट करते. याला टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी, थोडक्यात टीडीआर म्हणतात. मग नोंद पडते की डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पूर्ववत झाला. उत्तर कोणी दिलं नाही एवढंच त्या नोंदीतून कळतं. का दिलं नाही, ते आपणच शोधायचं. ड्रायव्हर बिघडलेला असेल, कार्ड तापलेलं असेल, वीज कमी पडत असेल, मेमरी चुकत असेल. या सगळ्यांची नोंद एकाच शब्दांत पडते.

ठरवलं ते असं: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी वेळ, खोलीचं तापमान, आर्द्रता, कूलर चालू की बंद, आणि पडदा कसा गेला हे लिहायचं. त्यासाठी तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ टेबलावर आणून ठेवलं आहे.

१२ मे, रविवार

सकाळ इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत गेली. सिस्टिम लॉगला चाळणी लावली आणि गेल्या महिन्याच्या नोंदी एकाखाली एक काढल्या.

चित्र लगेच वेगळं दिसलं. काही वेळी ‘डिस्प्ले’ या स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद आहे आणि रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये त्याच मिनिटाला लाइव्हकर्नेलइव्हेंट १४१. बाकीच्या वेळी ४१०१ कुठेच नाही, फक्त कर्नेल-पॉवर ४१, म्हणजे मशीन नीट बंद न होताच नव्यानं सुरू झाल्याची नोंद. त्या ४१ च्या तपशिलात बगचेक कोडच्या जागी शून्य आहे. निळा पडदा येऊन मशीन बंद पडलं असतं तर तिथे कोड असता. टीडीआरमधून सावरता न आल्यानं मशीन पडलं असेल, तर त्याचा कोड ०एक्स११६, आणि तिथे तो दशमान पद्धतीत २७८ दिसतो. शून्याचा अर्थ विंडोजला कोड लिहायलाही वेळ मिळाला नाही. वीजच गेली असावी.

म्हणजे आपण ज्याला एक आजार म्हणत होतो ते दोन आहेत. यापुढे चित्र परत येतं तो ‘अ’, मशीन नव्यानं सुरू होतं तो ‘ब’. दोघांचे रकाने वेगळे ठेवते.

हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरच्या १७ क्रमांकाच्या नोंदीही शोधल्या, कारण कार्डाचा स्लॉटमधला संपर्क खराब असेल तर बऱ्याचदा त्या तिथे साचतात. एकही नाही. स्लॉटवरचा संशय तूर्त बाजूला.

आज दुपारी ‘अ’ झाला आणि पडदा काळाच राहिला. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या, ‘टुक’ असा आवाज आला आणि चित्र परतलं. या कळांनी ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. पडदा गेला की लोक थेट पॉवरचं बटण दाबून धरतात. त्याआधी या कळा दाबून पाहाव्यात, उघडी असलेली बाकीची कामं वाचतात.

१४ मे, मंगळवार

ड्रायव्हरचा प्रश्न आधी निकाली काढला. इंटरनेटची वायर काढली, सेफ मोडमध्ये गेले, डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) चालवून जुना ड्रायव्हर मुळासकट काढला. वायर काढणं महत्त्वाचं, नाहीतर मशीन सुरू होताच विंडोज अपडेट स्वतःकडचा ड्रायव्हर गुपचूप बसवतं आणि आपण नक्की काय तपासतो आहोत तेच कळत नाही. डिव्हाइस इन्स्टॉलेशनच्या सेटिंगमध्येही ‘नाही’ केलं. मग हिवाळ्यात ज्या आवृत्तीवर काम सुरळीत चाललं होतं तीच बसवली.

संध्याकाळी ‘अ’ पुन्हा झाला. हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्यूलिंग हे विंडोजचं सेटिंग बंद करून पाहिलं, फरक नाही. हाच ड्रायव्हर आता तपास संपेपर्यंत हलवायचा नाही.

१६ मे, गुरुवार

टीडीआरडिलेबद्दल. रजिस्ट्रीत ग्राफिक्सड्रायव्हर्स या कीखाली हे मूल्य घातलं की विंडोज २ सेकंदांऐवजी आपण सांगू तेवढे सेकंद थांबते. सगळीकडे हाच उपाय सांगतात, ८ करा, १० करा. माझ्या मते तो उपाय म्हणून फार कमी वेळा कामाचा, पण तपासणी म्हणून उत्तम. कार्ड खरोखरच एखादं लांबलचक गणित करत असेल, तर जास्त वेळ मिळाल्यावर ते पुरं होईल आणि काम पुढे जाईल. कार्ड अडकलेलंच असेल, तर पडदा फक्त जास्त वेळ गोठेल.

१० केलं. पडदा दहा सेकंद गोठला आणि मग गेला. मूल्य काढून टाकलं. कार्ड खरंच अडकतं आहे, एवढं कळलं.

१९ मे, रविवार

आज तापमान. जीपीयू-झेड हे कार्डाचे सेन्सर वाचणारं सॉफ्टवेअर लावलं आणि सेन्सरच्या नोंदी दर सेकंदाला फाइलमध्ये जाऊ दिल्या. दुपारी अडीच वाजता खोलीत ३६ अंश, आर्द्रता ५८ टक्के, कूलर चालू. रेंडर सुरू केल्यावर कार्डाचं तापमान ७९ वर स्थिरावलं, पंखे पूर्ण वेगानं, आणि हॉट स्पॉट १०७. पडदा गेला त्या सेकंदाची ओळ फाइलमध्ये शेवटची आहे.

७९ हा आकडा उन्हाळ्यात कोणालाही खटकणार नाही, म्हणूनच तो फसवा आहे. कार्डाच्या चिपवर अनेक ठिकाणी सेन्सर असतात आणि त्यातला सगळ्यांत तापलेला तो हॉट स्पॉट. साधारणपणे दोघांत दहा-पंधरा अंशांचा फरक असतो. इथे २८ आहे. चिपच्या एखाद्या भागावरून उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचत नाही. मेमरीचं तापमान हे कार्ड दाखवतच नाही, तेव्हा तिथला अंदाज नाही.

मग कॅबिनेट उघडलं. कूलरवाल्या घरात आतून काय होतं ते पाहण्यासारखं आहे. कोरडी धूळ फुंकरीनं उडते. पण आमच्याकडे कूलर खिडकीतून बाहेरची धूळ आणि ओली हवा एकत्रच आत ढकलतो, आणि कॅबिनेटचा पुढचा पंखा नेमका त्याच झोतात आहे. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ ओली होऊन वाळलेली, पुन्हा ओली होऊन वाळलेली, आणि तिचा करडा नमदा झालेला. चिमट्यानं टोक पकडलं तर पट्टीच्या पट्टी निघाली. पंख्याच्या कडांना पांढरट खर होती, बोअरच्या पाण्यातल्या क्षारांची, जी कूलरच्या टाकीलाही धरते.

ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवून ठेवली. झोतानं पंखा मोकाट फिरला तर बेअरिंग खराब होतं, शिवाय तो उलटी वीजही तयार करतो. स्लॉटमधून कार्ड काढून, संपर्काची सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, परत बसवलं.

रात्री पुन्हा मोजलं: कार्ड ७२, हॉट स्पॉट ९९. तापमान उतरलं, फरक मात्र तेवढाच.

२२ मे, बुधवार

‘ब’ आज माझ्या डोळ्यांसमोर झाला, आणि त्यात महत्त्वाचं काहीतरी दिसलं.

संध्याकाळी सातला मी रेंडर बघत बसले होते. आईनं कूलर लावला. टेबलाखाली यूपीएस ‘टक्’ करून वाजला आणि मशीन नव्यानं सुरू झालं. त्या क्षणी मॉनिटरच्या कडेचा छोटा दिवाही विझून पुन्हा लागला. ‘अ’मध्ये असं कधी होत नाही, तिथे पडदा काळा झाला तरी दिवा लागलेलाच असतो. मॉनिटर यूपीएसवर आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर कितीही बिघडला तरी मॉनिटरचा दिवा विझवू शकत नाही. तेव्हा ‘ब’चा ड्रायव्हरशी संबंध नाही, तो विजेचा आहे.

मल्टिमीटर लावला. कूलर बंद असताना संगणकाच्या सॉकेटला २२१ व्होल्ट, चालू असताना २०५. घरगुती पुरवठा २३० च्या वर-खाली ६ टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४ च्या आत असायला हवा. एक कूलर लावल्यावर १६ व्होल्ट पडणं मला पटलं नाही. शिवाय मल्टिमीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, मोटर सुरू होतानाचा क्षणभराचा खड्डा त्यात दिसतच नाही. तो यूपीएसच्या ‘टक्’मध्ये ऐकू येतो.

यूपीएस पाहिला. ६०० व्हीए मोठ्या अक्षरात, खाली बारीक अक्षरात ३६० वॉट. रेंडर चालू असताना कार्डच २२० च्या आसपास ओढतं, त्यात प्रोसेसर, बोर्ड, डिस्क, पंखे, मॉनिटर. बेरीज ३६० च्या पुढे आरामात जाते. मेन्सवर चालतं तोवर हे खपून जातं. कूलरच्या झटक्यानं यूपीएस बॅटरीवर उडी मारतो आणि एवढा भार त्याला पेलत नाही. नुसतं टायपिंग चालू असताना कूलर लावला तर काहीच का होत नाही, याचाही उलगडा झाला.

तपासून पाहिलं. मशीन आणि मॉनिटर यूपीएसवरून काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावले, रेंडर चालू केलं आणि आईला कूलर चालू-बंद करायला सांगितलं. काही झालं नाही. परत यूपीएसवर आणलं, कूलर लावताच मशीन गेलं.

२४ मे, शुक्रवार

गल्लीतल्या वायरमन भाऊंना बोलावलं. मेन बंद करून त्यांनी बोर्ड उघडला. कूलरचा आणि संगणकाचा सॉकेट एकाच बोर्डावर, एकाच वायरवर. न्यूट्रलच्या स्क्रूजवळ वायरचं आवरण तपकिरी पडलेलं. “ताई, हा न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन गेला ना. कूलर लावला का व्होल्टेज इथंच पडते,” ते म्हणाले. जळका तुकडा कापून नवं टोक काढलं, स्क्रू आवळला, आणि कूलरसाठी एमसीबीपासून वेगळी वायर ओढली. संगणकाच्या सॉकेटचं अर्थिंगही तपासून घेतलं.

आता कूलर लावल्यावर २१९. यूपीएस वाजत नाही.

सैल स्क्रू रोज थोडा तापतो, तापून आणखी सैल होतो. संगणक राहू द्या, आग लागण्याचं ते नेहमीचं कारण आहे. ज्यांच्या घरी कूलर लावल्यावर दिवे मंद होतात त्यांनी बोर्ड एकदा जरूर दाखवून घ्यावा, आणि तोही वायरमनला बोलावूनच.

बोर्डाचं काम चालू होतं तोवर कॅबिनेटमधली एक गोष्ट बदलली. कार्डाला आठ पिनांच्या दोन जागा आहेत आणि दोन्हींना एकाच केबलची दोन टोकं लावलेली होती. आठ पिनांची एक जोडणी १५० वॉटसाठी धरलेली असते, स्लॉटमधून आणखी ७५ मिळतात. कार्डाची सरासरी त्यात बसते, पण मिलिसेकंदाच्या झटक्यात कार्ड सरासरीच्या बरंच वर जातं, आणि ते सगळं एका केबलवर टाकणं बरं नाही. माळ्यावरच्या खोक्यात एसएमपीएसची दुसरी मूळ केबल मिळाली. ती मूळचीच हवी. दुसऱ्या एसएमपीएसची केबल तशीच दिसली, बसली, तरी पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि कार्ड जळतं.

२६ मे, रविवार

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस, कालपासून लागला. बाहेर दुपारी रस्ते ओस.

‘ब’ थांबला आहे. ‘अ’ चालूच. वहीतला ‘अ’चा रकाना आता वाचण्याजोगा झाला आहे: जवळजवळ सगळे दुपारी दोन ते रात्री नऊच्या दरम्यान, पहाटे चार ते सात या वेळेत एकही नाही. आणि कधीच पहिल्या दहा मिनिटांत नाही. धुळीची सफाई झाल्यावर प्रमाण घटलं, थांबलं नाही.

रॅमवरचा संशय मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून दूर केला, एकही चूक नाही. मग ओसीसीटीची व्हीरॅम चाचणी लावली. ती कार्डाच्या मेमरीत ठराविक आकडे लिहिते आणि परत वाचून जुळवते. सकाळी सहाला खोलीत ३१ अंश असताना चाचणी स्वच्छ गेली. दुपारी ३६ अंशांत तीच चाचणी सुरुवातीला स्वच्छ, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी चुका दिसू लागल्या, हळूहळू वाढत गेल्या.

पुढची परीक्षा उलट दिशेनं: मेमरीचा वेग ५०० मेगाहर्ट्झनं खाली आणला, बाकी सगळं तसंच, उकाडाही तसाच. चुका नाहीत, आणि दुपारचं रेंडर पूर्ण झालं. वेग परत मूळ जागी नेला तर चुका परत.

मला हे पाहून फार बरं वाटलं. रोग कळला नसताना वेग कमी करून काम भागवणं आणि रोग कळण्यासाठी वेग कमी करणं यात फरक आहे. दोष कार्डाच्या मेमरीत किंवा तिच्या थंडाव्यात आहे. चिपच मेली असती तर सकाळच्या गारव्यातही चुकली असती. म्हणून माझा कौल थंडाव्याच्या बाजूनं.

१ जून, शनिवार

परवा, ३० तारखेला, इथे नागपुरात रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि ती बातमी सगळ्या फोनांवर फिरली. त्याच दिवशी शहरातल्याच सोनेगाव केंद्राची नोंद ४४ च्या आसपास होती, आणि शहराचा नोंदलेला उच्चांक २३ मे २०१३ चा ४७.९ आहे. ५६ चा आकडा सेन्सरच्या बिघाडाचा होता असं स्पष्ट झालं.

हे इथे लिहिलं कारण मीही एका सेन्सरच्या भरवशावर उद्या कार्ड खोलणार आहे. १०७ किंवा ९९ हे आकडे खरे आहेत का? रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी सुरू करून पहिल्याच मिनिटाला वाचलं: खोली ३२, कार्ड ३४, हॉट स्पॉट ३६. थंड असताना सेन्सर जागेवर आहे. एचडब्ल्यूइन्फो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तेच आकडे. भार दिल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर कार्डाच्या पाठीवर ठिकठिकाणी रोखला, तर मेमरीच्या बाजूचा एक कोपरा शेजारच्या भागापेक्षा १४ अंशांनी जास्त तापलेला. दोन वेगळ्या मार्गांनी एकच गोष्ट दिसली, आता खोलायला हरकत नाही. कार्डाची वॉरंटी मागच्या वर्षीच संपली आहे. संपली नसती तर स्क्रूवरचं सील मी मोडलं नसतं.

२ जून, रविवार

कार्ड खोललं. जेवणाचं टेबल रिकामं केलं, पांढरी चादर अंथरली, प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या त्याच्या जागी ठेवला. पाठीमागचे स्क्रू, मग चिपभोवतीचे चार, ते आडव्यातिडव्या क्रमानं थोडे थोडे सैल केले. हीटसिंक जोरानं ओढायचा नाही. पंख्यांच्या वायरी छोट्या सॉकेटनं बोर्डाला जोडलेल्या असतात, त्या आधी काढाव्या लागतात.

चिपवरची थर्मल पेस्ट कडेला गोळा झालेली, मधला भाग जवळपास कोरडा. हॉट स्पॉटच्या फरकाचं कारण समोर होतं.

खरी गोष्ट मात्र पॅडमध्ये होती. चिपभोवती मेमरीच्या आठ चिपा, प्रत्येकीवर मऊ थर्मल पॅडचा तुकडा, जो चिप आणि हीटसिंक यांच्यात दाबला जाऊन उष्णता वर नेतो. सात पॅडांवर चिपचा चौकोन स्वच्छ उमटलेला, दोघांवर तर वरची अक्षरंही उलटी वाचता येत होती. आठवा पॅड गुळगुळीत. त्याची एक कड दुमडून बाजूच्या कपॅसिटरवर चढलेली होती, आणि बाकीचा पॅड चिपपासून केसभर वर राहिला होता. चार वर्षं त्या चिपला हीटसिंक भेटलाच नव्हता. हिवाळ्यात तिचं निभलं. मे महिन्यात, धुळीनं गुदमरलेल्या हवेत, ती चुकू लागली. तापलेला कोपरा नेमका हाच.

न दाबलेल्या कडेवर व्हर्नियर लावून जाडी मोजली: १.५ मिमी. ही जाडी नेमकी हवी. पातळ पॅड टेकत नाही. जाड घातला तर तो हीटसिंकच उचलून धरतो आणि मुख्य चिपवरची पेस्ट सुटते, म्हणजे मेमरी गार आणि हॉट स्पॉट आणखी वर. बरेच जण पॅड बदलल्यावर कार्ड जास्त तापतं म्हणून हैराण होतात ते यामुळे.

सीताबर्डीत फिरले. दुकानांत १ आणि २ मिमीचे पॅड होते, १.५ नाही. “दोनचाच लावा ताई, दबून जाते,” एकानं आपुलकीनं सांगितलं. घेतला नाही. ऑनलाइन मागवला. तोवर मशीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर. रेंडर नाही, पण आवाज जुळवण्याचं आणि नावांच्या पाट्यांचं काम करता येतं.

७ जून, शुक्रवार

पॅड आले. आठही बदलले, कारण जुन्यांतून तेल सुटलेलं होतं आणि जुना-नवा दाब एकसारखा पडत नाही. प्रत्येक तुकडा चिपच्या मापाचा कापला, दोन्ही बाजूंची फिल्म काढली. ती एका बाजूला राहून जाणं फार सोपं असतं, म्हणून निघालेल्या फिल्म मोजून सोळा झाल्यावरच पुढे गेले.

चिप अल्कोहोलनं पुसून पेस्ट लावली. इथे प्रोसेसरसारखं धातूचं झाकण नसतं, सिलिकॉन उघडंच असतं, म्हणून मधोमध ठिपका देऊन दाबावर सोडण्यापेक्षा पातळ थर पूर्ण पसरवला, एकही कोपरा कोरडा न ठेवता. चार स्क्रू आडवेतिडवे, थोडे थोडे आवळले.

रात्री पहिली मोजणी, खोली ३५ अंश: कार्ड ७०, हॉट स्पॉट ८३. फरक १३.

९ जून, रविवार

दुपारी ३६ अंशांत, मेमरी मूळ वेगावर, ओसीसीटीची व्हीरॅम चाचणी तासभर. चूक नाही. इन्फ्रारेडनं तो कोपरा शेजारच्या भागाइतकाच. काल संध्याकाळी लावलेलं रेंडर सकाळी पूर्ण होतं. दादाला फाइल दिली, त्यानं लगेच वडशाच्या नाटकमंडळाला कळवलं.

उन्हाळ्यापुरती कार्डाची पॉवर मर्यादा ८५ टक्क्यांवर ठेवून पाहिली. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो आणि हॉट स्पॉट आणखी चार-पाच अंश उतरतो. रात्रभराच्या कामाला हा सौदा मला मान्य आहे. दिवसा, घाईच्या वेळी, पूर्ण मर्यादा.

१६ जून, रविवार

४१०१ ची नवी नोंद नाही. कर्नेल-पॉवर ४१ ची एक आहे, पण त्या दुपारी लाइटच गेली होती आणि यूपीएसनं रेंडरच्या भाराला क्षणभरही साथ दिली नाही, ते अपेक्षितच होतं. १,१०० व्हीएचा यूपीएस सांगितला आहे, तो ६६० वॉटचा. येईपर्यंत रेंडर थेट मेन्सवर.

कॅबिनेट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हलवलं, कूलरच्या झोताबाहेर, जमिनीपासून वीतभर वर लाकडी पाटावर. पुढच्या पंख्याला नायलॉनची जाळी बसवली, ती दर रविवारी धुवायची. पाऊस लागला की कूलरचा पंप बंद ठेवायचं आईनं कबूल केलं आहे. ओल्या हवेत पाणी उडवून गारवा तसाही मिळत नाही, आर्द्रता तेवढी वाढते.

ड्रायव्हर अजून हिवाळ्यातलाच आहे, मुद्दाम. आता वीज, धूळ, पेस्ट, मेमरी हे सगळं तपासून झालं, म्हणून उद्या नवा ड्रायव्हर टाकते. त्यानंतर ४१०१ परत दिसला तर पहिला संशय ड्रायव्हरवर, आणि जुनी आवृत्ती डिस्कवर वेगळी ठेवलेली आहे.